सोडल्याची हजेरी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला क्षणभरही थांबावं लागत नाही. माझ्या आत्याचे. ती वडिलांची थोरली बहीण. तालुक्याच्या गावी मुलांच्या बोर्डिंगात ती स्वयंपाकीण होती. सातवीनंतर तिनंच मला गावातून उचलून नेलं. बोर्डिंगच्या कोठीघरात, ज्वारीच्या पोत्याला टेकून मी दहावीचा अभ्यास केला, बारावीचा केला आणि तिथूनच सायकलनं कॉलेजला जाऊन बी.कॉम. झालो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. निकालाच्या दिवशी तिनं पदराला हात पुसून माझी मार्कशीट घेतली, एकेक आकडा मोठ्यानं वाचला आणि म्हणाली, "विंग्रजीत कमी हायत." मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

आज मी बहरीनमध्ये आहे. मीना सलमान बंदराजवळच्या एका गोदामात मालाची आवक-जावक पाहतो. राहायला बरं घर आहे, मुलगी चांगल्या शाळेत आहे. हे सगळं आत्याचं आहे, असं मी मानतो. तरीही तिच्याशी मी दोनदा चुकीचं वागलो. एकदा खोटं बोलून आणि एकदा खरं बोलून. ते कसं, तेच इथं लिहितो.

बहरीनमध्ये आमच्या समाजाची तीसेक घरं आहेत. कुणी एसी मेकॅनिक, कुणी ड्राफ्ट्समन, कुणी हॉस्पिटलच्या ऑफिसात. वर्षातून दोनदा आम्ही सगळे जमतो. एप्रिलात जयंतीला आणि ऑक्टोबरात धम्मदीक्षेच्या दिवसाला. जयंती गाजत-वाजत होते. ऑक्टोबरचा कार्यक्रम मात्र शांत असतो. आमच्या आज्या-पणज्यांनी गुलामी टाकली तो हा दिवस. जवळचा शुक्रवार धरून, बुदैयाच्या हायवेलगतच्या एका जुन्या बागेतला हॉल घेऊन आम्ही तो साजरा करतो.

बाग म्हणायची एवढंच. खजुराची निम्मी झाडं शेंड्यापासून वाळलेली आहेत. एके काळी तिथं गोड्या पाण्याचा झरा होता म्हणतात. आता त्या जागी दगडांनी बांधलेला कोरडा खड्डा आहे. आत उतरायला पायऱ्या आहेत आणि खाली काही नाही. शुक्रवारचा दुपारचा नमाज झाला की माणसं घरी जेवायला जातात आणि आसपास कुत्रंसुद्धा दिसत नाही. हवेत धूळ असली तर आभाळ, भिंत आणि रस्ता एकाच रंगाचे होतात. ऊन असतं, पण सावली पडत नाही. पहिल्या वर्षी हे लक्षात आलं तेव्हा मी हॉलच्या दारात उभा राहून स्वतःच्या पायांकडं बघत राहिलो होतो.

त्या दिवसाचा आमचा एक रिवाज आहे. इतर कुठं तो असेल असं मला वाटत नाही. आमच्यात सगळ्यात जुन्या एक बाई आहेत, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात सगळं आयुष्य काढलेल्या. सगळे त्यांना वहिनी म्हणतात. त्यांनी हा रिवाज सुरू केला. त्यांचं म्हणणं, "आपली पोरं इंग्रजीत शिकतात. तासभराचं भाषण त्यांच्या डोक्यावरून जातं. एक वाक्य तरी कानात राहू द्या."

तर त्रिशरण-पंचशील झालं की पडदे ओढतात. बुद्धाच्या मूर्तीपुढं आणि शेजारच्या फोटोपुढं मेणबत्त्या लागतात. फोटो कुणाचा ते सांगायला नको. मग एकेका घरातलं एक माणूस उठतं आणि आपल्या घरानं काय सोडलं ते एका वाक्यात सांगतं.

"आमच्या घरानं वेशीची राखण सोडली."

"आमच्या घरानं मयताचा सांगावा गावोगाव नेणं सोडलं."

"आमच्या घरानं दारोदार भाकरी मागणं सोडलं."

प्रत्येक वाक्यावर सगळे एका आवाजात म्हणतात, "सोडलं!" मग वहिनी मनात दहापर्यंत आकडे मोजतात आणि त्यानंतरच पुढच्या घराकडं पाहतात. त्या दहा आकड्यांत कुणी खोकत नाही, मांडी बदलत नाही. याला आम्ही सोडल्याची हजेरी म्हणतो.

बहरीनमधलं घर जितकं नवं, तितका त्याचा नंबर शेवटी. पहिल्या वर्षी मी सगळ्यात शेवटी होतो. वहिनींनी मान वर करून विचारलं, "तुमचं?"

मी उठलो आणि म्हणालो, "आमच्या घरानं दीक्षेच्या वर्षीच पड ओढणं सोडलं."

"सोडलं!"

पड म्हणजे मेलेलं जनावर. ते ओढून गावाबाहेर टाकायचं काम आमच्या माणसांच्या गळ्यात होतं, आणि बहुतेक घरांनी ते दीक्षेच्या वर्षीच टाकलं. आमच्या घरानं नाही. मी खोटं बोललो होतो.

त्या दहा आकड्यांतच मला एक आवाज पहिल्यांदा ऐकू आला. भिंतीच्या पलीकडून, सुका, हलका, खुळखुळणारा. घुंगरांचा नव्हे, घुंगरात धातू असतो. या आवाजात हाड होतं.

मला तो आवाज ओळखीचा होता. आमच्या गावाबाहेर ओढ्याच्या वळणावर हाडकी होती, मेलेली जनावरं टाकायची जागा. माझ्या लहानपणी तिचा वापर बंद झाला होता, पण तिथली जमीन पांढरी होती. दुपारी वारा सुटला की वाळलेले खूर एकमेकांवर आपटून वाजायचे. आम्ही पोरं तिकडं जात नसू. बाकीची पोरं मला म्हणायची, "तुझ्या आज्जानं आणून टाकल्यात ती जनावरं. आमाला न्हाईत, तुला वळखत्यात."

कार्यक्रम संपल्यावर मी वहिनींना विचारलं, "बाहेर काही वाजत होतं का?"

"मला नाही बाई ऐकू आलं. तुम्ही उपाशी आहात का? खीर घ्या."

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. माझं वाक्य झालं, "सोडलं!" झालं आणि पलीकडून तो आवाज आला. हजेरी संपताच मी हॉलला वळसा घालून मागं गेलो. कोरड्या झऱ्याच्या पायरीवर बागेचा राखणदार बसला होता. तो बहरीनचाच, सत्तरीच्या पुढचा, माझ्यापेक्षाही सावळा, केस पांढरे कुरळे. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. इथल्या जुन्या माणसांना येतं तसं तोडकंमोडकं हिंदी त्याला येत होतं. त्याच्या मांडीवर कापडाचा एक रुंद पट्टा होता आणि त्या पट्ट्याला बकऱ्यांचे वाळलेले खूर ओळीनं शिवलेले होते. शेकडो असतील.

तो दचकला नाही. "आओ. मैं बजाया. तुम्हारा लोग खलास होता, उसके बाद मैं. हर साल एक बार."

"क्यों चाचा?"

त्यानं सांगितलं ते असं. त्याच्या आजोबाला लहानपणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून शिडाच्या जहाजातून आणून विकलं होतं. मालकानं त्याला मोती काढायला समुद्रात उतरवलं. नाकाला चिमटा, पायाला दगड. बरीच वर्षं गेली. मग एक दिवस तो पळून इंग्रजांच्या कचेरीत गेला आणि सुटकेचा कागद घेऊन बाहेर आला. त्याच्या माणसांत ढोल आणि तंतुवाद्य वाजवून जी बैठक होते, तिच्यात हा पट्टा कमरेला बांधून नाचतात. पट्टा आजोबाचाच होता.

"तुम्हारा औरत ने मेरे को बताया, ये गुलामी छोड़ने का दिन है," चाचा म्हणाला. औरत म्हणजे वहिनी. "हमारा ऐसा दिन कोई नहीं. कागज भी गुम हो गया. तो मैं सोचा, इधर ही बजाओ. आखिर में."

म्हणजे माझ्यानंतर तो आपल्या आजोबाची हजेरी देत होता. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याच्या आजोबानं खरोखर सोडलं होतं, आणि त्याच्या आधी उभा राहून मी खोटं बोलत होतो.

खरं काय होतं ते आता सांगतो.

दीक्षेला आमची सगळी वस्ती गेली, तेव्हा आजोबा तापानं घरी होते. वस्तीनं परत येऊन गावाला सांगितलं, आजपासून पड ओढणार नाही. गावानं त्यांना वाळीत टाकलं. दळण बंद, काम बंद. आणि आमचे आजोबा दुसऱ्या आठवड्यात खांद्यावर दोर टाकून एकटे पाटलाच्या वाड्यावर गेले. पुढं वीस वर्षं जात राहिले. का, ते मला नीट कधीच कळलं नाही. भीती असेल, सवय असेल. गावाला ते सोयीचं झालं आणि वस्तीच्या लेखी आजोबा जिवंत असून मेले. लोक त्यांना नावानं हाक मारेनात. दोरवाला म्हणायचे.

आत्या चौदा वर्षांची असताना पाटलाचा बैल पडला. आजोबांची पाठ धरली होती. ते म्हणाले, "पोरी, दोर घिऊन म्होरं जा. मागनं येतो." आत्या दोर घेऊन गेली. वाड्याच्या पायरीवर तिनं तो ठेवला, म्हणाली, "ह्यो तुमचा हाय. आमच्या घरात नगं," आणि परत आली. बैल तीन दिवस पडून होता. वारा वस्तीकडं वाहत होता. त्या तीन दिवसांत गाव तिच्याशी बोललं नाही आणि वस्तीही बोलली नाही. वस्तीचं म्हणणं, आता सुचलं होय? चौथ्या दिवशी पाटलाच्या माणसांनी स्वतःच गाडी जुंपून बैल नेला. दोर परत आला नाही.

आजोबांनी तिला मारलं नाही. ते तिच्याशी बोलायचेच बंद झाले. मरेपर्यंत, आठ वर्षं, एक शब्द नाही. तिनं ताट वाढलं की ताटाकडं बघून जेवायचे. दोरवाल्याच्या मुलीला स्थळ आलं नाही. आजोबा गेल्यावर ती तालुक्याला बोर्डिंगात स्वयंपाकाला लागली.

हे सगळं तिनं मला एकदाच सांगितलं, बारावीच्या सुट्टीत, तांदूळ निवडता निवडता. वर न बघता. शेवटी म्हणाली, "कुनाला सांगू नगंस. बाबाला नावं ठिवत्याल लोकं. मेल्या मानसाला उलट बोलता येत न्हाई."

मी सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. पण न सांगणं वेगळं आणि चारचौघांत उभं राहून दुसरंच काही सांगणं वेगळं. दर ऑक्टोबरात माझं तेच वाक्य, दर ऑक्टोबरात त्यानंतर तोच सुका आवाज. पुढं मी ग्रुपचा सेक्रेटरी झालो. हॉल ठरवणं, निरोप देणं, सगळं मीच करायचो. खोट्याची सवय होते. आवाजाची मात्र झाली नाही. पट्टा बघितला होता, माणूस बघितला होता, तरी तो वाजला की मला चाचा आठवायचा नाही. ओढ्याचं वळण आठवायचं.

गेल्या वर्षी वहिनींनी नियम केला की मूल दहा वर्षांचं झालं की घराचं वाक्य त्यानंच म्हणायचं. या वर्षी माझी मुलगी दहाची झाली. ती घरी मराठी समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. पण हे वाक्य तिनं आठवडाभर घोकलं. आरशापुढं, जिन्यात, आंघोळ करताना. उच्चार चुकला की मी सुधारून द्यायचो.

याच वर्षी एक नवे गृहस्थ आले. पन्नाशीचे, एसी मेकॅनिक, सित्राच्या एका वर्कशॉपमध्ये, राहायला शेजारच्या मआमीरला. त्यांच्याकडं गाडी नव्हती म्हणून मी त्यांना घ्यायला गेलो. ते पुढं बसले, बायको आणि मुलगी मागं होत्या. निघता निघता त्यांनी गाव विचारलं. मी सांगितलं.

"आरं तिच्या! आमचं गाव तुमच्यापासनं दोन कोसांवर." त्यांनी सीटवर वळून माझ्याकडं पाहिलं. "वस्तीत कुठलं घर? वरलं का खाल्लं?"

"लिंबाजवळचं."

"म्हंजी दोरवाल्या म्हाताऱ्याचं?"

मी गिअर बदलला. मागून बायकोनं विचारलं, "कोण दोरवाला?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. तेवढ्यात मुलगी म्हणायला लागली, "आमच्या घरानं दीक्षेच्या वर्षीच पड ओढणं सोडलं. बाबा, पड मीन्स डेड काऊ, राइट? यक."

"वा, वा," ते म्हणाले. "झ्याक पाठ झालंय. कुणी शिकवलं गं?"

"बाबा."

त्यानंतर बुदैया येईपर्यंत ते काचेतून बाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशीही धूळ होती. बागेशी गाडी लावली, बायको-मुलगी पुढं गेल्या, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सेक्रेटरी सायेब, घाबरू नगा, मी कायबी बोलनार न्हाई. आमचा आज्जा तरी कुठं धुतल्या तांदळाचा होता. पर लेकराच्या तोंडात कशाला घातलंत?" आणि मग स्वतःच "यल्ला, चला," म्हणून पुढं झाले.

पडदे ओढले. मेणबत्त्या लागल्या. हजेरी सुरू झाली. एकेक घर उठत होतं, "सोडलं! सोडलं!" होत होतं आणि मी घरं मोजत होतो. नवे गृहस्थ आता सगळ्यात शेवटी होते, त्यांच्याआधी आम्ही. वहिनींनी माझ्या मुलीकडं बघून मान हलवली. ती उठली. पांढरा फ्रॉक, हात पाठीमागं.

"आमच्या घरानं दीक्षेच्या वर्षीच–"

आणि तो वाजला. शेवटच्या घरानंतर नाही, दहा आकड्यांतही नाही. ऐन वाक्याच्या मधे. आणि अगदी जवळ, जणू भिंतीला पाठ लावून कुणी उभं होतं.

इतकी वर्षं माझ्याशिवाय तो कुणाच्या लक्षात आल्याचं मी पाहिलं नव्हतं. मुलगी बोलायची थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, वहिनींकडंही नाही. भिंतीकडं पाहिलं.

"म्हण बाळा," वहिनी म्हणाल्या. "विसरलीस? घाबरू नको."

"आय विल से इट व्हेन ही स्टॉप्स," मुलगी म्हणाली.

हॉलमध्ये कुणी कुणी हसलं. पोरगी कुणाबद्दल म्हणते ते कुणाला कळलं नव्हतं. नवे गृहस्थ खाली सतरंजीकडं बघत होते. आवाज थांबत नव्हता. एका लयीत चालू होता, कुणी दोर ओढत एकेक पाऊल टाकावं तसा.

मी उठलो. मुलीच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "तिला मी चुकीचं शिकवलं. आमच्या घरानं दीक्षेच्या वर्षी काही सोडलं नाही. माझे आजोबा पुढं वीस वर्षं पड ओढत होते. सोडलं ते माझ्या आत्यानं. ती चौदा वर्षांची होती. मी दरवर्षी इथं खोटं बोललो."

कुणी "सोडलं" म्हणालं नाही. आवाज कधी थांबला ते मला सांगता येणार नाही. पण त्या क्षणी मेणबत्तीची वात चरचरलेली ऐकू येत होती. वहिनींनी नेहमीसारखे आकडे मोजले. दहाच मोजले की जास्त, कोण जाणे. मग म्हणाल्या, "वाक्य एकच म्हणायचं असतं. एवढं लांबण नाही लावायचं. नीट सांगा पोरीला आणि म्हणू द्या."

मी मुलीच्या कानात सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या आत्याआजीनं पड ओढणं सोडलं."

"सोडलं," आधी नवे गृहस्थ म्हणाले. मग वहिनी. मग बाकीचे, पुढंमागं, एका आवाजात नाही.

जेवताना माझ्या पंगतीत दोन जागा रिकाम्या राहिल्या. एक ड्राफ्ट्समन, ज्यांच्याशी माझा घरोबा आहे, खिरीची वाटी घेऊन समोर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "वीस वर्षं? त्या वीस वर्षांत माझ्या आज्जाचं घर जाळलं होतं गावानं. पड ओढत नाही म्हणून. आणि तुमच्यासारखा एक जण ओढत होता म्हणूनच गावाचं अडत नव्हतं." मी म्हणालो, "खरं आहे." त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण मी भांडत नाही म्हटल्यावर ते गेले. बायकोनं फक्त विचारलं, "आत्यांनी आपल्या लग्नात फोटो काढून घेतला नाही, तो त्यामुळं का?"

मी चाचाला शोधायला मागं गेलो. त्यानं आज मधेच का वाजवलं, ते मला विचारायचं होतं. तो पायरीवर नव्हता. आपल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसला होता, गुडघ्यांवर जाड पट्ट्या बांधून.

"चाचा, आज जल्दी बजाया?"

"क्या?"

"वो पट्टा."

"पट्टा तो उधर मुहर्रक शहर में है. भतीजा ले गया. दो साल हो गया." त्यानं अंगठ्यानं मागं दाखवलं. भिंतीवर खिळा होता, खिळ्यावर काही नव्हतं. "मैं अभी उतना चलता भी नहीं. वो सीढ़ी तक कौन जाएगा?"

"पर मैंने पिछले साल भी सुना. आज भी. मेरी बेटी ने भी."

चाचानं विचारलं, "बच्ची ने किधर देखा?"

मी हॉलची मागची भिंत दाखवली. तिच्या आणि आमच्यामध्ये दहा पावलं मोकळी जमीन होती. वाळलेल्या झावळ्या पडल्या होत्या. झावळ्यांचा आवाज मला माहीत आहे, आणि वारा नव्हता. चाचानं खुर्ची दाराच्या आत एक वीतभर मागं ओढली. "अच्छा," तो म्हणाला. "इंशाल्ला, अच्छा ही है." आणि मग त्यानं माझ्या घरच्यांची चौकशी केली, जणू मी आत्ताच आलो होतो.

परतताना मी मुलीला विचारलं, "तू 'व्हेन ही स्टॉप्स' का म्हणालीस? कोण होतं?"

ती फोनवर काहीतरी बघत होती. मान वर न करता म्हणाली, "आय डोन्ट नो. ही वॉज वेटिंग, दॅट्स ऑल."

पुढच्या सीटवर नव्या गृहस्थांनी खिडकीची काच वर घेतली.

त्याच आठवड्यात मी आत्याला पत्र लिहिलं. तिला चष्म्यातूनही बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून एकेक ओळ सोडून, मोठ्या अक्षरात लिहिलं.

*

प्रिय आत्या,

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो. आम्ही सगळे ठीक आहोत.

तू मला एक गोष्ट सांगितली होतीस आणि कुणाला सांगू नको म्हणाली होतीस. ती मी सांगितली. एकदोघांना नाही, दीक्षेच्या कार्यक्रमात, भरलेल्या हॉलमध्ये सांगितली. त्याआधी मी दरवर्षी तिथं उभा राहून सांगत होतो की आपल्या घरानं दीक्षेच्या वर्षीच पड सोडलं. तुझी गोष्ट लपवायची म्हणून मी तसं म्हणत होतो, असं मी मनाची समजूत घालायचो. ते खरं नाही. मला लाज वाटत होती, म्हणून म्हणत होतो. या वर्षी ते माझ्या मुलीनं म्हणायचं होतं. ती म्हणत असताना मला राहवलं नाही.

आजोबांना लोक नावं ठेवतील असं तू म्हणाली होतीस. ठेवली. एका जणानं माझ्या तोंडावर ठेवली. त्याच्या आजोबाचं घर जाळलं होतं, आणि आपले आजोबा गावाचं काम करत होते. मला त्याला उलट बोलता आलं नाही. बोलायला नको होतं असंच मला वाटतं. पण आजोबा त्या आठ वर्षांत तुझ्याशी बोलले नाहीत, ते रागानं की लाजेनं, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं. तुला कधी कळलं का? कळलं असेल तर मला लिही.

मुलगी विचारते, आत्याआजी दोर ठेवून परत आली तेव्हा तिला भीती वाटली का. मी सांगितलं, मला माहीत नाही. इतकी वर्षं तुझ्या हातचं खाऊन मी तुला हे विचारलंच नाही. तू तिलाच सांग. ती मराठी वाचायला शिकते आहे, सोपं लिही.

तू रागावली असशील. तुझा शब्द मी मोडला, त्याची मी माफी मागत नाही, कारण तिच्या तोंडी खोटं घालणं त्याहून वाईट झालं असतं. पण यापुढचं मी ठरवणार नाही. पुढच्या वर्षी तिनं ते वाक्य म्हणायचं की नाही, ते तू ठरव. गोष्ट तुझी आहे. तू नको म्हणालीस तर आमच्या घराची पाळी आली की आम्ही तिघं नुसते उभे राहू आणि खाली बसू.

फोनवर उत्तर देऊ नकोस. फोनवर तू "बरंय" म्हणतेस आणि ठेवतेस. पत्रच लिही, दोन ओळी का होईना.

तुझं लेकरू